‘मुदत’ या शब्दाचे दोन व्यवहार : गृहकर्जाचे मंजुरीपत्र आणि रखडलेले घर

१. विषयाची मर्यादा

शब्दाचा अर्थ कोशात स्थिर दिसतो. व्यवहारात तो ज्या वाक्यात बसतो त्या वाक्याप्रमाणे बदलतो, हे तत्त्व अर्थविचाराच्या अभ्यासकाला नवीन नाही. परंतु या बदलाची झळ प्रत्यक्ष कुटुंबाच्या संसाराला लागते अशी उदाहरणे अभ्यासाच्या मेजावर क्वचित येतात. ‘मुदत’ हा शब्द असे एक उदाहरण होय. पुण्याच्या शनिवार पेठेत जुना वाडा पाडून त्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीत एखादे कुटुंब सदनिका घेते, तेव्हा त्याच्या हाती दोन कागद येतात. एक बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र आणि दुसरा बांधकाम व्यावसायिकाशी झालेला विक्रीचा करार. दोन्ही कागदांत मुदत सांगितलेली असते. बांधकाम लांबले की पहिल्या कागदातील मुदत संपते आणि दुसऱ्यातील उलटते. ‘संपणे’ आणि ‘उलटणे’ या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, त्याच अंतरात घर घेणारा सापडतो. हे अंतर भाषेच्या आणि कायद्याच्या अंगाने उलगडून दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. व्यवहाराची शब्दसंपत्ती

घराच्या खरेदीविक्रीची मराठी परिभाषा तीन थरांची आहे. सर्वांत खालचा थर संस्कृत-प्राकृतातून आलेला. ‘गहाण’ हा शब्द ‘ग्रह्’ धातूच्या कुळातील आहे, ‘तारण’ हा ‘तॄ’ धातूचा. पहिल्यात धरून ठेवण्याची कल्पना आहे, दुसऱ्यात पार नेण्याची. ‘व्याज’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ निमित्त किंवा मिष असा असून मराठीत तो वृद्धीचा वाचक झाला. विसाराच्या रकमेला जुन्या मराठीत ‘संचकार’ म्हणत. त्याच्या मागे ‘सत्यंकार’, म्हणजे बोलणे खरे करण्यासाठी दिलेली वस्तू, ही कल्पना उभी आहे.

दुसरा थर अरबी-फारसीचा. तो मध्ययुगीन दप्तराबरोबर आला आणि शिवकालात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशानंतरही व्यवहारातून गेला नाही. ‘कर्ज’, ‘करार’, ‘मंजूर’, ‘ताबा’, ‘हप्ता’, ‘मुदत’ हे सर्व याच थरातले. ‘करार’ या अरबी शब्दात स्थैर्याची, ठरून राहण्याची कल्पना आहे. ‘मंजूर’ म्हणजे मुळात पाहिलेले, नजरेखालून गेलेले. ‘नजर’ हा शब्द त्याच अरबी धातूचा. ‘हप्ता’ हा फारसी शब्द आठवड्याचा वाचक, पण आपण तो महिन्याला भरतो. ‘मुदत’ हा ज्या अरबी धातूपासून निघाला त्याचा अर्थ ताणणे, लांबविणे असा आहे. मराठीत मात्र तो नेमक्या, बांधलेल्या कालावधीसाठी रूढ झाला. म्हणजे व्युत्पत्तीने लवचीक आणि रूढीने ताठ, असा हा शब्द आहे.

तिसरा थर अलीकडचा. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यानंतर घडविलेला संस्कृतप्रचुर शासनव्यवहाराचा हा थर होय. ‘स्थावर संपदा’, ‘प्रवर्तक’, ‘भोगवटा प्रमाणपत्र’, ‘प्रारंभ प्रमाणपत्र’ हे शब्द या थरातले. एकाच करारपत्रात हे तीनही थर शेजारी शेजारी आढळतात, आणि त्यांपैकी ‘मुदत’ हा मधल्या थरातला शब्द सर्वांत अधिक भार वाहतो.

३. ‘संपते’ आणि ‘उलटते’

‘मुदत’ या नामाबरोबर मराठीत येणारी क्रियापदे पाहावीत. मुदत भरते, संपते, उलटते, वाढते. मुदत देतात, मागतात, वाढवून घेतात. ठेवीची मुदत भरते, तेव्हा ठेवीदाराला काही मिळावयाचे असते. अर्जाची मुदत संपते, तेव्हा अर्जदाराचा अधिकार नाहीसा होतो. देण्याची मुदत उलटते, तेव्हा मात्र देणे नाहीसे होत नाही, ते थकते. या तिन्ही प्रयोगांत कालावधी पुरा झाला एवढी घटना समान आहे. भेद आहे तो पुढे काय उरते याविषयी.

हा भेद पुढे येणाऱ्या उभयान्वयी अव्ययावरून स्पष्ट होतो. “मुदत संपली म्हणून अर्ज घेतला नाही” हे स्वाभाविक वाक्य आहे. “मुदत उलटली तरी ताबा दिला नाही” हेही तितकेच स्वाभाविक आहे. पहिल्यात ‘म्हणून’ कारण दाखवितो, कारण मुदतीबरोबर संबंधही संपला. दुसऱ्यात ‘तरी’ विरोध दाखवितो, कारण संबंध शिल्लक आहे आणि कर्तव्य अपुरे आहे. अव्ययांची अदलाबदल केली तर वाक्ये व्याकरणदृष्ट्या चालतील, पण त्यांतून वेगळीच परिस्थिती सूचित होईल. मंजुरीपत्र हा ‘म्हणून’चा कागद आहे आणि बांधकामाचा करार हा ‘तरी’चा.

४. कायद्यातील आधार

भाषेतील हा भेद कायद्यातही आढळतो. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे, प्रस्तावात स्वीकारासाठी मुदत घातलेली असेल तर ती मुदत गेल्यावर प्रस्ताव आपोआप रद्द होतो. स्वीकारापूर्वी पुरी करावयाची अट पुरी न झाल्यासही तसेच होते. बँकेचे मंजुरीपत्र हे स्वरूपतः अशाच शर्तबद्ध प्रस्तावासारखे असते. ते बहुधा तीन ते सहा महिने ग्राह्य असते. त्या अवधीत नोंदलेला करार, मालकीहक्काची कागदपत्रे आणि मंजूर नकाशा बँकेला मिळून कर्जाची पहिली रक्कम उचलली गेली पाहिजे. तसे न झाल्यास अर्ज नव्याने पाहिला जातो. ‘मंजूर’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे अनायासे खरा ठरतो. एकदा पाहिलेले पुन्हा पाहावे लागते.

बांधकामाच्या कराराची गोष्ट निराळी. संविदा अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये वेळ हा कराराचा गाभा आहे की नाही, हा प्रश्न आधी विचारला जातो. स्थावर मालमत्तेच्या विक्रीत वेळ हा गाभा नाही असे सामान्यतः गृहीत धरावे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९२ साली चांद राणी विरुद्ध कमल राणी या प्रकरणात मांडली. मात्र कराराच्या शब्दांवरून आणि परिस्थितीवरून उलट अनुमान निघू शकते, हेही तेथेच सांगितले. म्हणजे बँकेच्या दारात काळ हा निर्णायक, तर जमिनीच्या व्यवहारात तो पुष्कळदा केवळ अपेक्षेचा विषय. घर घेणाऱ्याने दोन्ही दारांत एकच शब्द ऐकलेला असतो.

ही विषमता महाराष्ट्राच्या विधिमंडळाने फार पूर्वी ओळखली होती. मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या १९६३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने ठरल्या तारखेस ताबा न देणाऱ्यावर घेतलेली रक्कम ९ टक्के व्याजासह परत करण्याची जबाबदारी टाकली आणि त्या रकमेचा बोजा जमिनीवर ठेवला. केंद्राचा स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला. त्याच्या कलम १८ ने खरेदीदाराला निवड दिली. प्रकल्पातून बाहेर पडावयाचे असल्यास सव्याज परतावा, राहावयाचे असल्यास ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज. महाराष्ट्राच्या नियमांत या व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च सीमान्त कर्जदरापेक्षा २ टक्क्यांनी अधिक ठरविला आहे.

याच अधिनियमाने प्रवर्तकाला प्रकल्पनोंदणीच्या वेळी पूर्णतेची तारीख स्वतः घोषित करण्यास सांगितले. त्यामुळे जुन्या प्रकल्पांत दोन तारखा निर्माण झाल्या, एक करारातील आणि दुसरी नोंदणीतील. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात अधिनियमाची वैधता मान्य केली. कलम १८ खालील विलंब करारातील तारखेपासूनच मोजावयाचा, नवी घोषित तारीख जुना करार पुसून टाकीत नाही, असेही त्या निर्णयात स्पष्ट झाले. ज्या व्यवहारात तारीखच लिहिलेली नाही, तेथे खरेदीदाराला अनंत काळ थांबविता येत नाही आणि अशा वेळी तीन वर्षांचा काळ वाजवी मानता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मुंबईतील एका प्रकल्पाच्या वादात म्हटले. उलटलेली मुदत किती ताणावी याला न्यायालयाने घातलेली ही मर्यादा होय.

५. शनिवार पेठेतील विलंबाची कारणे

विलंब हा नेहमीच कोणाच्या कुचराईने होतो असे नाही. शनिवार पेठेची जमीनच गुंतागुंतीची आहे. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० साली सुरू झाले आणि त्याच्या आसऱ्याने वस्ती दाट होत गेली. आज तो वाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने अशा स्मारकाच्या संरक्षित क्षेत्रापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई केली असून पुढील २०० मीटरच्या पट्ट्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे पेठेतील काही वाडे मोडकळीस आले तरी पाडून नव्याने बांधता येत नाहीत, आणि काहींच्या नकाशाला महापालिकेखेरीज आणखी एका दाराशी थांबावे लागते.

दुसरे कारण मालकीचे. मालमत्ता पत्रकावर एका वाड्याला अनेक वारसांची नावे असतात. त्यांतील एखादा परगावी असतो, एखाद्याचा वाटणीचा दावा चालू असतो. तिसरे कारण भाडेकरूंचे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने आणि त्याच्या जागी २००० सालापासून अमलात आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र अधिनियमाने जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिले. त्यांच्या पुनर्वसनाचे करार झाल्याशिवाय वाडा रिकामा होत नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे पडली, तेव्हाही घर पुन्हा बांधणे म्हणजे केवळ भिंती उभारणे नसते, हा अनुभव शहराने घेतला होता.

चौथी गोष्ट भूखंडाच्या आकाराची. २०१६ च्या अधिनियमात जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिकांची संख्या आठपेक्षा अधिक नसेल, तर प्रकल्पनोंदणीची सक्ती नाही. पेठेतील अरुंद भूखंडांवरील काही इमारती यामुळे नोंदणीच्या कक्षेबाहेर राहतात. जेथे विलंबाची कारणे सर्वांत अधिक, तेथेच घोषित तारखेचा आधार कधी कधी मिळत नाही.

६. बांधकाम थांबते तेव्हा कर्जाचे काय होते

इंग्लंडात सामान्यतः घर पुरे झाल्यावर कर्जाची रक्कम एकदम दिली जाते. म्हणून तेथे नव्या घराचे काम लांबले की कर्जाचा देकार संपण्याचा प्रसंग अगदी शेवटी येतो. आपल्याकडे रक्कम टप्प्याटप्प्याने दिली जाते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले की, व्यक्तींना दिलेल्या गृहकर्जाचे वाटप बांधकामाच्या टप्प्यांशी निगडित असावे आणि अपुऱ्या बांधकामासाठी आगाऊ रक्कम देऊ नये. खरेदीदाराच्या हिताचीच ही सूचना आहे. परंतु तिचा परिणाम असा की, जोते झाले नाही तर जोत्याचा हप्ता निघत नाही. पहिली रक्कमच निघाली नसेल आणि पत्राचा अवधी गेला असेल, तर मंजुरी नाहीशी होते. काही रक्कम निघाल्यावर काम थांबले, तर कर्ज जिवंत राहते. मात्र घर नसताना उचललेल्या रकमेचे व्याज द्यावे लागते आणि जुन्या घराचे भाडेही चुकत नाही.

मंजुरी नव्याने घेण्याने काय बिघडते, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर हिशेबात आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून अशा बाह्य दराशी जोडलेली असल्याने कर्जेही महागली. उदाहरणादाखल ७ टक्के दराने २० वर्षांसाठी ५० लाख रुपयांचे कर्ज धरले, तर मासिक हप्ता सुमारे ३८,७६५ रुपये येतो. दर ९ टक्के झाला की तोच हप्ता सुमारे ४४,९८६ रुपयांवर जातो. कुटुंबाची ऐपत ३८,७६५ रुपयांचीच असेल, तर नव्या पाहणीत २० वर्षांसाठी सुमारे ४३ लाखच मंजूर होतील. आधीच कर्ज उचललेल्या माणसाला दरवाढ बोचते, पण त्याची परतफेडीची वर्षे वाढवून वाट काढता येते आणि मूळ रक्कम हातची जात नाही. मंजुरी संपलेल्याला मात्र जवळजवळ ७ लाख रुपये अन्यत्र शोधावे लागतात. दरम्यान अर्जदाराचे वय वाढलेले असते. निवृत्ती जवळ असेल तर वर्षेही कमी मिळतात.

ही रक्कम उभी राहिली नाही, तर करारातील टप्प्याचे पैसे वेळेवर न दिल्याचा दोष खरेदीदाराकडे येतो. ज्याच्या विलंबाने मंजुरी संपली, त्याच्याच कागदात खरेदीदार थकबाकीदार ठरण्याचा धोका निर्माण होतो. कलम १८ खाली विलंबाचे व्याज मिळू शकते हे खरे, परंतु ते करारातील तारीख उलटल्यानंतर. मंजुरीपत्र त्याच्या पुष्कळ आधी, प्रारंभ प्रमाणपत्राची वाट पाहतानाच संपून गेलेले असू शकते.

प्राप्तिकराच्या कायद्यातही अशीच एक तिसरी मुदत होती. १९६१ च्या अधिनियमात कर्जावरील व्याजाची पूर्ण सवलत मिळण्यासाठी घर ठराविक वर्षांत पुरे होण्याची अट होती. २०१६ च्या वित्त अधिनियमाने ती तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. २०२० च्या साथीच्या वेळी महाराष्ट्राच्या नियामक प्राधिकरणाने नोंदलेल्या प्रकल्पांना सहा महिन्यांची वाढ दिली. प्रकल्पाची मुदत अशी सार्वत्रिक आदेशाने वाढू शकते. मंजुरीपत्राची मुदत ज्याची त्याने बँकेत जाऊन वाढवून मागावयाची असते.

७. जुन्या धर्मशास्त्रातील दृष्टी

काळाने नष्ट होणारा हक्क आणि काळ लोटूनही टिकणारा हक्क हा भेद आधुनिक कायद्याने प्रथम केला असे नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात गहाणाला ‘आधि’ म्हटले आहे. ठराविक काळ घालून दिलेला आधि तो काळ भरताच ऋणकोच्या हातून जातो, पण ज्याचे फळ धनको भोगतो तो आधि जात नाही, असा तेथे नियम आहे. मराठी व्यवहारातील मुदतगहाण आणि ताबेगहाण यांचे पूर्वज येथे दिसतात. त्याच अध्यायात सत्यंकार म्हणून दिलेले द्रव्य दुप्पट करून परत द्यावे असे सांगितले आहे. वचन मोडणाऱ्याला काळाचा आडोसा घेऊ द्यावयाचा नाही, हा त्यातील अभिप्राय. काळ लोटल्यावर कोणाचे काय जाते, हा प्रश्न स्मृतिकाराने प्रत्येक प्रकाराबाबत वेगळा विचारला. आजच्या दोन कागदांत तो एकत्र विचारला जात नाही.

८. कर्त्याचा लोप

शेवटी या व्यवहाराच्या वाक्यरचनेकडे पाहिले पाहिजे. काम रखडले, ताबा लांबला, परवानगी अडकली, मंजुरी संपली. ही सर्व वाक्ये अकर्मक आहेत. त्यांत घटना आहे, पण ती घडविणारा नाही. मराठीला अशी रचना सहजसाध्य आहे आणि तिच्यात स्वतः काही दोष नाही. पाऊस लांबला असे म्हणताना कर्ता शोधण्याचे कारण नसते. परंतु ‘ताबा लांबला’ हे वाक्य ‘पाऊस लांबला’ याच्या साच्यात बसले की, माणसाने केलेला विलंब निसर्गाच्या घटनेसारखा वाटू लागतो. २०१६ च्या अधिनियमाने ‘प्रवर्तक’ हा कर्ता वाक्यात परत आणला, हे त्याचे भाषिक कार्य म्हणता येईल. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप यांसारखी मोजकी कारणे त्याने वेगळी काढली. तेवढ्या ठिकाणी कर्त्याविना वाक्य न्याय्य ठरते. बँकेच्या पत्रातील वाक्यात मात्र हा कर्ता अद्याप आलेला नाही. तेथे मुदत संपते, आणि ती कोणामुळे संपली हे विचारण्याची जागाच नसते.

यावरून निघणारा निष्कर्ष परिभाषेपुरता असला तरी व्यवहारात उपयोगी आहे. ‘मुदत’ या शब्दाने केवळ लांबी सांगून भागत नाही. ती कोणत्या घटनेपासून मोजावयाची, कोणत्या घटनेने थांबावयाची आणि भरल्यावर कोणाचे काय उरावयाचे, या तीन गोष्टी त्याच वाक्यात आल्या पाहिजेत. ‘प्रारंभ प्रमाणपत्रापासून ३६ महिने’ असे लिहिण्यापेक्षा दिनांक लिहिणे बरे, कारण प्रमाणपत्र स्वतःच लांबू शकते. उलट बँकेच्या पत्रात पत्राच्या दिनांकापासून सहा महिने मोजण्यापेक्षा कराराच्या नोंदणीपासून ते मोजणे अधिक सुसंगत होईल, कारण तोपर्यंत कर्जाला तारणच सिद्ध झालेले नसते. आणि खरेदीदाराने करारात एवढे एक कलम मागून घ्यावे की, प्रवर्तकाच्या विलंबाने मंजुरी संपल्यास नवी मंजुरी मिळेपर्यंत टप्प्याची रक्कम थकली असे मानले जाणार नाही. असे कलम दोन्ही कागदांतील मुदती एकमेकींशी जोडते. वाडा पाडण्यापूर्वी सही होते, त्या वेळी ते घालून घेण्यास फारसे काही लागत नाही; जोते अपुरे राहिल्यानंतर मात्र ते कोणी घालून देत नाही.